२००६ साली थांबलेला नाकाता आजही आपल्या फोनवर कसा खेळतो?

मागच्या पावसाळ्यात भाच्यानं मला एक व्हिडिओ पाठवला. चाळीसेक सेकंदांचा असेल. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे घरात फुटबॉल आहेच. पण तेव्हा आठवडाभर पाऊस उघडला नव्हता, मैदानात चिखल झाला होता आणि पोरगं दिवसभर फोन घेऊन बसलेलं. व्हिडिओत भरीव बांध्याचा एक जपानी खेळाडू मधल्या पट्ट्यात चेंडू घेतो, चार पावलं पुढं येतो आणि कुणाला काही कळायच्या आत लांबूनच उजव्या पायानं हाणतो. चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात. खाली भाच्याचा प्रश्न : "मामा, हा आत्ता कुठल्या टीमला आहे?"

भाचा २००९ सालचा. तो गोल ६ मे २००१ चा. आणि गोल मारणारा हिदेतोशी नाकाता २००६ सालीच फुटबॉल सोडून मोकळा झालेला.

मी लगेच उत्तर दिलं नाही. जो खेळाडू या पोराच्या जन्माआधीच निवृत्त झाला, तो त्याच्या फोनवर पोचला कसा, आणि तेही आज खेळत असल्यासारखा ताजा? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. इंटरनेटवरची लोकप्रियता नेमकी कशानं तयार होते आणि कशानं टिकते, हे समजून घ्यायला नाकाताइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

आधी माणूस कोण ते पाहू. नाकाताचा जन्म २२ जानेवारी १९७७ चा, यामानाशी प्रांतातल्या कोफू शहरातला. १९९५ मध्ये तो बेलमारे हिरात्सुका या जपानी क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये जपाननं ब्राझीलला १-० असं हरवलं, त्या संघात तो होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये मलेशियातल्या जोहोर बाहरूला जपाननं इराणला ३-२ असं नमवून पहिल्यांदा विश्वचषक गाठला; त्या दिवशी वीस वर्षांचा नाकाता जपानच्या तिन्ही गोलांमागे होता. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं तो आशियातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढं इटलीत पेरुजा, रोमा, पार्मा, बोलोन्या, फिओरेंतिना आणि शेवटी इंग्लंडमध्ये बोल्टन. जपानसाठी ७७ सामने, ११ गोल, तीन विश्वचषक.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. नाकातानं निवृत्ती जाहीर केली ३ जुलै २००६ ला. ट्विटर लोकांसाठी खुलं झालं त्याच महिन्यात, त्यानंतर. यूट्यूब तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. आयफोन आला २००७ मध्ये, इन्स्टाग्राम २०१० मध्ये. म्हणजे आज आपण ज्याला सोशल मीडिया म्हणतो, तो सुरू होता होता हा गडी मैदानाबाहेर पडला. त्याच्या खेळण्याच्या काळात 'लाइक'चं बटण कुणाला फारसं माहीतच नव्हतं.

ऑनलाइन लोकप्रिय म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. पहिली गोष्ट फॉलोअरची. किती लोकांनी एकदा बटण दाबून ठेवलंय, एवढंच तो आकडा सांगतो. दाबणारा नंतर फिरकला नाही तरी आकडा तसाच राहतो. दुसरी गोष्ट शोधाची : किती लोक स्वतःहून नाव टाइप करून शोधतात. शोधणाऱ्याच्या मनात आधीपासून काहीतरी असतं, आठवण नाहीतर कुतूहल. तिसरी गोष्ट फिरण्याची. कुणी शोधलेलं नसतं, कुणी फॉलोही केलेलं नसतं, तरी एक तुकडा या फोनवरून त्या फोनवर जात राहतो. खेळत असलेला खेळाडू पहिल्या गोष्टीवर मोठा होतो. निवृत्त खेळाडू जगतो तो तिसऱ्या गोष्टीवर. भाच्यानं नाकाताला फॉलो केलं नव्हतं आणि त्याचं नावही त्याला माहीत नव्हतं. तुकडा फिरत आला, इतकंच.

पण काही फिरायचं तर आधी कुठंतरी साठलेलं पाहिजे. नाकाताची गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते ती इथं.

१९९८ च्या सुरुवातीला एका मोठ्या जपानी दैनिकात राष्ट्रगीताबद्दलचं त्याचं बोलणं छापून आलं. ते ज्या तऱ्हेनं छापलं गेलं ते त्याला मान्य नव्हतं, पण छापून आलेला शब्द मागे घेता येत नाही. उजव्या गटांकडून धमक्या आल्या. एकवीस वर्षांचा मुलगा, समोर देशाचा पहिला विश्वचषक, आणि घराबाहेर पडताना जिवाला घोर. पत्रकारांशी तो आधीही फार मोकळा नव्हता. यानंतर त्यानं तोंड जवळजवळ मिटूनच घेतलं. मुलाखती नाकारायचा, एका शब्दात उत्तरं द्यायचा. वर्तमानपत्रांनी त्याला उर्मट ठरवलं.

तो गप्प बसला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्याच वर्षी त्यानं स्वतःचं संकेतस्थळ सुरू केलं : नाकाता डॉट नेट. तिथं तो चाहत्यांना उद्देशून पत्रं लिहू लागला. आज कसं वाटतंय, सामना कसा झाला, कुठं गेलो, काय खाल्लं. मधे पत्रकार नाही, मथळा लावणारा कुणी नाही. जे म्हणायचं ते त्याच्याच शब्दांत.

१९९८ साली हे किती वेगळं होतं, ते आज पटकन जाणवत नाही. तेव्हा घरात इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून चर्र-खर्र आवाज करत जोडलं जाणारं प्रकरण, आणि ते चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. एखादं छायाचित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उलगडायचं. असं असताना एका फुटबॉलपटूला सुचलं, की मजकूर हलका असतो, तो कुठंही पोचतो आणि तो मी स्वतः लिहू शकतो. १९९९ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये 'आय-मोड' ही सेवा आली आणि तिथले लोक साध्या मोबाइलवर पानं वाचू लागले. त्या वाचणाऱ्या देशाला नाकाताची पत्रं अगदी वेळेवर मिळाली.

आज कुठलाही खेळाडू दुखापत झाली, क्लब बदलला, मूल झालं, की स्वतःच्या खात्यावर लिहितो आणि वर्तमानपत्रं तिथून उचलतात. हा उलटा प्रवाह आपल्याला आता स्वाभाविक वाटतो. नाकातानं तो वळवला तेव्हा त्यामागे जाहिरातीची हुशारी किती असेल ते असो, मला दिसतो तो आपलं बोलणं हातातून निसटल्यावर ते परत मिळवू पाहणारा तरुण. म्हणूनच त्या पत्रांना चाहत्यांनी इतका जीव लावला. जो माणूस टीव्हीवर एक शब्द बोलत नाही, तो रात्री बसून आपल्याला चार ओळी लिहितो, ही भावना विकत घेता येत नाही.

दुसरा साठा इटलीत तयार झाला. १९९८ च्या विश्वचषकानंतर पेरुजानं त्याला घेतलं. पेरुजा हे मध्य इटलीतलं टेकडीवरचं शहर, क्लब मोठा नव्हे. १३ सप्टेंबर १९९८ ला तिथं त्याचा पहिला सामना झाला तो थेट युव्हेंटस या इटलीतल्या बलाढ्य क्लबशी, आणि त्यानं दोन गोल मारले. पेरुजा हरलं ३-४ असं, पण जपानला त्याचं काही वाटलं नाही. इटलीतले रविवारचे सामने तेव्हा दुपारी तीनच्या आसपास सुरू व्हायचे. जपानमध्ये त्या वेळी रात्रीचे दहा, थंडीत अकरा. पोरं आईवडिलांशी भांडून जागायला आणि नोकरदारांनी दुसऱ्या दिवशी जांभया द्यायला अगदी बेताची वेळ! जपानी पत्रकारांचे जथे पेरुजात येऊन राहिले, पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या, त्याच्या नावाची जर्सी जपानमध्ये गेली. सरावाला येताना, विमानतळावर, बसमधून उतरताना, प्रत्येक ठिकाणी त्याच्यावर कॅमेरा असे.

त्यालाच याचा वैताग होता. पण त्या कॅमेऱ्यांनी काय करून ठेवलं ते आज कळतं. एका आशियाई खेळाडूची कारकीर्द त्या काळात जवळजवळ रोजच्या रोज चित्रित झाली. आमच्या इथं पेठापेठांतल्या तालमींचे सामने पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. आजोबा शाहू स्टेडियमवरच्या एकेका गोलाचं वर्णन हातवारे करून करायचे, ऐकताना अंगावर काटा यायचा. त्यातला एकही गोल आज दिसत नाही. आजोबा गेले आणि ते गोलही त्यांच्याबरोबर गेले. नाकाताचे गोल कुणाच्या आठवणीच्या आधारावर उभे नाहीत. ते फितीवर आहेत, आणि म्हणून कापून, जोडून, चाळीस सेकंदांचे करून फिरवता येतात.

आता त्या चाळीस सेकंदांकडे येऊ.

२००० च्या जानेवारीत नाकाता रोमाकडे गेला. तिथं त्याच्या जागेवर आधीपासून कोण होतं? फ्रांचेस्को तोत्ती. रोम शहराचा लाडका लेक, संघाचा कर्णधार. म्हणजे नाकाताच्या वाट्याला बहुतेक वेळा बाकडं. २०००-०१ च्या मोसमात रोमा आणि युव्हेंटस इटालियन लीगच्या विजेतेपदासाठी एकमेकांच्या मानेवर बसलेले. त्यात युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंवर संख्येची मर्यादा होती, त्यामुळे नाकाता कित्येकदा बाकड्यावरसुद्धा नसायचा. मोसम संपत आला असताना इटलीच्या महासंघानं ती मर्यादा उठवली. आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत ६ मे २००१ ला तुरिनमध्ये हे दोन संघ समोरासमोर आले.

सहा मिनिटांत युव्हेंटस २-० असं पुढं. गोल देल पिएरो आणि झिदान यांचे. साठाव्या मिनिटाच्या सुमारास रोमाचे प्रशिक्षक फाबिओ कापेल्लो यांनी तोत्तीला बाहेर घेतलं आणि नाकाताला आत सोडलं. आपल्या लाडक्या कर्णधाराला अशा सामन्यातून बाहेर काढायला छाती लागते. ७९ व्या मिनिटाला तो लांबचा गोल आला, भाच्यानं पाठवलेला. आणि अगदी शेवटी नाकातानं पुन्हा लांबून फटका मारला, गोलरक्षक व्हान डेर सार याला तो नीट धरता आला नाही, आणि सुटलेला चेंडू रोमाच्या मोंतेल्लानं आत ढकलला. २-२.

मोसम संपला तेव्हा रोमाचे ७५ गुण होते, युव्हेंटसचे ७३. तुरिनमध्ये रोमा हरलं असतं आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं, तर रोमाचे ७४ आणि युव्हेंटसचे ७५ झाले असते. कागदावर करून पाहा. रोमाचं ते तिसरं विजेतेपद, आणि त्याची चावी अर्ध्या तासासाठी मैदानात आलेल्या जपानी खेळाडूच्या हातात होती. म्हणून मे महिना आला की रोमाचे चाहते तो गोल पुन्हा लावतात. लोकांनी स्वतःहून पाळलेला वर्धापनदिन हे निवृत्त खेळाडूच्या ऑनलाइन आयुष्यातलं सगळ्यात भक्कम इंधन असतं, कारण ते दर वर्षी न सांगता येतं.

पुढचं काम यंत्राचं. व्हिडिओ दाखवणारी ॲप्स नवा तुकडा आधी थोड्या लोकांपुढे टाकून पाहतात. लोक शेवटपर्यंत थांबले का? परत पाहिला का? मित्राला पाठवला का? खाली बोलू लागले का? उत्तर होकारार्थी आलं की आणखी लोकांपुढे, मग आणखी. या परीक्षेत तुकडा जुना की नवा याला फार महत्त्व नसतं. कापलेल्या तुकड्यावर बहुधा साल लिहिलेलंही नसतं. भाच्याचा 'आत्ता कुठल्या टीमला आहे' हा प्रश्न तिथूनच आला. नाकाताचा गोल या परीक्षेत हमखास पास होतो : सुरुवात, उत्कंठा आणि शेवट असं सगळं काही सेकंदांत, भाषेची गरज नाही, आणि पाहून झालं की बोट आपसूक पुन्हा सुरुवातीला जातं.

खाली जी चर्चा रंगते तिच्यात निदान चार गाव भेटतात. रोमाचे इटालियन, ज्यांना तो दिवस पाठ आहे. पेरुजाचे, जे म्हणतात आमच्याकडे होता तेव्हाच तो खरा नाकाता. जपानी, जे त्याला आजही 'हिदे' म्हणतात. आणि आपल्यासारखे बाकीचे आशियाई, ज्यांच्यासाठी तो 'आपल्यातला कुणीतरी तिथं पोचला होता' याचा पुरावा आहे. पेलेनं २००४ मध्ये हयात असलेल्या थोर खेळाडूंची यादी केली, तिच्यात आशियातले दोघेच होते : नाकाता आणि दक्षिण कोरियाचा होंग म्युंग-बो. एकाच तुकड्यावर चार गावांचे लोक चार कारणांनी थांबतात. एकाच गावाचा लाडका असलेला खेळाडू गावाबाहेर फिरत नाही.

फॅशनचं थोडक्यात. काळे चष्मे, रंगवलेले केस, विमानतळावरचे कपडे यांसाठी तो तेव्हाही गाजला होता. गेल्या काही वर्षांत दोन हजार सालच्या सुमाराची फॅशन पुन्हा आली आणि जुन्या छायाचित्रांतला नाकाता त्यात अलगद बसला. त्याचा एकही सामना न पाहिलेली मुलं त्याला कोटासाठी ओळखतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. दार कुठलंही असो, माणूस आत येतो.

एक गोष्ट मात्र भाच्याला मी बजावून सांगितली. तुकडा खोटं बोलत नाही, पण पूर्णही बोलत नाही. हे तुकडे सलग पाहिले तर वाटेल नाकाता दर रविवारी असे गोल मारत होता. तसं नव्हतं. रोमात तो बहुतेक काळ पर्यायी खेळाडू होता. पार्मानं त्याच्यासाठी तोवर कुठल्याही आशियाई खेळाडूसाठी मोजली गेली नव्हती एवढी रक्कम मोजली. तिथं २००२ मध्ये इटालियन चषक मिळाला, पण पेरुजातली मोकळीक पुन्हा कधी तितकी दिसली नाही. शेवटची काही वर्षं दुखापती, बदललेले क्लब आणि बाकडं यांतच गेली. त्याचं खरं बळ तर तुकड्यात मावणारंच नाही : धक्के खाऊन तोल न जाऊ देणं, चेंडू यायच्या आधीच मान वळवून मैदान पाहून ठेवणं, सहकाऱ्याला धावायला लावेल असा कडक पास देणं. आणि तो पास ज्याला पोचला नाही, त्याच्या नावानं बोटं मोडली जायची.

मग आला शेवट. २२ जून २००६, डॉर्टमुंड. जपान ब्राझीलकडून १-४ असं हरून विश्वचषकातून बाहेर. सामना संपला, खेळाडू निघून गेले, आणि नाकाता मैदानाच्या मधल्या वर्तुळात पाठीवर पडून राहिला. बराच वेळ. प्रेक्षक पांगत होते, तो आकाशाकडे तोंड करून तसाच. पाहणाऱ्यांना वाटलं, पराभवाचं दुःख. अकरा दिवसांनी त्याच्या संकेतस्थळावर पत्र आलं, शीर्षकाचा अर्थ असा : 'आयुष्य म्हणजे प्रवास, आणि प्रवास म्हणजेच आयुष्य'. व्यावसायिक फुटबॉल सोडतोय, निर्णय सहा महिन्यांपूर्वीच झाला होता, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे डॉर्टमुंडच्या गवतावर तो निरोप घेत होता, आणि ते त्याच्या आतल्या गोटातल्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. वय २९.

पत्रकार परिषद नाही, निरोपाचा सामना नाही. आठ वर्षांपूर्वी जिथं बोलायला सुरुवात केली, तिथंच शेवटचं बोलला. मी हा माणूस मानतो तो यासाठी.

आणि तो परत आला नाही. प्रशिक्षक झाला नाही, आठवड्याला सामन्यांवर मतं देत बसला नाही. जग फिरला. २००९ मध्ये ओकिनावापासून सुरुवात करून जपानचे ४७ च्या ४७ प्रांत पालथे घातले. कुंभार, विणकर, शेतकरी आणि साके म्हणजे तांदळाची जपानी दारू गाळणारे यांच्या दारात जाऊन बसला. २०१५ मध्ये साकेसाठी कंपनी काढली. साकेच्या बाटलीवरची जपानी अक्षरं परदेशी माणसाला वाचता येत नाहीत, तर चांगली साके ओळखायची कशी, यासाठी त्यानं 'साकेनोमी' नावाचं ॲप काढलं. इथंही खटाटोप तोच, बनवणारा आणि घेणारा यांच्यातलं अंतर कमी करायचा.

निवृत्त खेळाडूच्या लोकप्रियतेला रोजची बडबड कशी झिजवते, हे आपण पाहतोच. वादात उडी, चुकलेलं भाकीत, नव्या पोरांवर टीका, आणि हळूहळू जुना गोल मागे पडून नवं भांडण पुढं येतं. नाकातानं फुटबॉलवर नवं असं फार काही ओतलंच नाही. त्यामुळे त्याचं नाव निघालं की पुढं येतो तो २९ वर्षांचा, किंवा २१ वर्षांचा नाकाता. वय वाढतंय ते साकेवाल्याचं.

पाऊस उघडायची वाट पाहण्यात काही अर्थ नव्हता, तेव्हा एका संध्याकाळी मी भाच्याला तुरिनचा सामना पहिल्यापासून लावून दिला. सहाव्या मिनिटाला २-० झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तो कुठाय?" म्हटलं, बाकड्यावर. पोरगं अर्धा तास गप्प बसलं. मध्यंतरात चहा झाला. दुसऱ्या अर्धातसुद्धा पंधरा मिनिटं तसंच. मग तोत्ती चालत चालत बाहेर आला, कडेला एक भरीव बांध्याचा गडी उभा दिसला, आणि भाच्यानं हातातला फोन बाजूला ठेवला.